फ्रीज किती गार होता?

मागच्या अंकात औषधनिधीचा हिशेब छापला होता. त्यात खर्चाच्या बाजूला, शेवटून तिसऱ्या ओळीत, 'खराब झालेली औषधे' अशी एक नोंद होती. रविवारी उपासनेनंतर दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, ही काय भानगड आहे? विचारले ते बरेच झाले. देणगी देणाऱ्याला तो हक्क आहे, आणि ती ओळ माझ्याच घरातून आलेली असल्यामुळे उत्तर देणे माझ्याकडे आहे. त्या प्रकारानंतर मी घरी एक छोटे यंत्र जोडले. त्याची माहितीही या निमित्ताने देतो. ज्यांच्या घरी इन्शुलिन आहे त्यांना तरी ती उपयोगी पडेल.

आम्ही भायखळ्याला, स्टेशनपासून पायी सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मोखाड्याकडच्या आपल्या दवाखान्यासाठी घाऊक विक्रेत्याकडून घेतलेली, थंड ठेवावी लागणारी औषधे आठ-दहा दिवस आमच्या फ्रीजमध्ये असतात. मग कोणीतरी स्वयंसेवक पहाटेची कसारा लोकल धरतो, आणि कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे जीपने ती पोहोचवतो. यात मुख्य औषध म्हणजे इन्शुलिन. दहा मिलिलिटरची बाटली, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही दोघे नगरला गेलो. शनिवारी दुपारी एकला घर सोडले. घर सोडताना माझी जुनी सवय आहे : गॅसची कळ, नळ, खिडक्या, आणि मग बोर्डावरची सगळी बटणे खाली. त्या बोर्डावर फ्रीजचेही बटण आहे. एरवी मी ते वगळतो. त्या दिवशी टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत होता आणि हात सरळ ओळीने फिरला.

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येते, म्हणून बाहेरगावी जाताना किल्ली शेजारच्या आपांकडे असते. त्या पिंप भरून ठेवतात. रविवारी पहाटे पाचला त्या आल्या, पाणी पिण्यासाठी फ्रीज उघडला, तर आत दिवा नाही. त्यांनी बटण वर केले. सोमवारी रात्री आम्ही परतलो तेव्हा फ्रीज छान गार होता. बाटल्या जागच्या जागी. आपांनी सांगितले नसते तर मला कधीच कळले नसते. फक्त बर्फाच्या ट्रेमधले खडे वितळून एकमेकांना चिकटले होते आणि त्यांची एक लादी झाली होती.

मी दवाखान्यातल्या सिस्टरना फोन केला.

"किती तास बंद होता?"

"सोळा."

"आत किती झालं होतं?"

"ते माहीत नाही."

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग मी त्या कोणाला देऊ, काका?"

चौदा बाटल्या होत्या. एकही पाठवली नाही.

काही वाचकांना वाटेल की ही अति काळजी झाली. इन्शुलिन काही तास बाहेर राहिले म्हणून लगेच वाया जात नाही, हे खरे आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवली तर छापील तारखेपर्यंत टिकते. वापरात असलेली बाटली खोलीच्या साधारण तापमानात, म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आत, सुमारे चार आठवडे चालते. नेमके किती ते त्या त्या औषधाच्या पत्रकात दिलेले असते. पण आपल्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या घरी फ्रीज नाही. सिस्टर त्यांना मातीच्या छोट्या मडक्यात, बाहेरून ओले फडके गुंडाळून, बाटली ठेवायला शिकवतात. ती बाटली तिथे पोहोचण्यापूर्वीच अर्धे आयुष्य जगून आलेली असली, तर मडक्यातले दिवस मोजायचे कुठून? औषधाची ताकद कमी झाली आहे हे रुग्णाला बाटलीकडे पाहून कळत नाही. त्याची साखर वाढते, आणि आपण त्याला भात कमी खा म्हणून रागावतो.

लसीच्या बाबतीत एक सोय आहे. पोलिओच्या डोसाच्या कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत एक चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत गेली की आतला चौकोन गडद होत जातो आणि पुन्हा फिका होत नाही. कुपीने काय सोसले ते कुपीच सांगते. इन्शुलिनच्या बाटलीवर असे काही नसते. तिच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी नोंद ठेवावी लागते.

आता यंत्राकडे येतो. पण आधी एक सांगतो. दोनतीनशे रुपयांत फ्रीजसाठी एक तापमापक मिळतो, जो आतापर्यंतचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान लक्षात ठेवतो. ज्यांच्या घरी एखाददुसरी बाटली असते त्यांनी तोच घ्यावा, रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहावेत आणि पुढचा लेख नाही वाचला तरी चालेल. मात्र तो दोन गोष्टी सांगत नाही : तापमान किती वेळ वर होते, आणि आत्ता, तुम्ही नगरला लग्नात जेवत असताना, ते वर चढते आहे. मला दोन्ही हवे होते.

तापमान राखणे ही भायखळ्याला नवी गोष्ट नाही. आमच्याकडे राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आणले. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना ते काचेपलीकडे १६ ते १८ अंशांत राहतात. मी नातवाला घेऊन पेंग्विन पाहायला गेलो ते एप्रिलच्या त्या प्रकारानंतर. मुले पक्षी पाहत होती, आणि मी भिंतीवर तापमान दाखवणारा आकडा कुठे दिसतो का ते शोधत होतो.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. तारा, रिले, बॅटरी हे माझे आयुष्यभराचे काम. संगणक मात्र मुलीने शिकवला. तिनेच 'रास्पबेरी पाय'चे नाव सांगितले. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका धर्मादाय प्रतिष्ठानाने मुलांना संगणकाचे प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून हा स्वस्त संगणक काढला आणि तो फेब्रुवारी २०१२ मध्ये पहिल्यांदा विक्रीला आला. माझ्याकडचा त्याचा धाकटा भाऊ, 'झीरो २ डब्ल्यू', साधारण च्युइंगगमच्या पाकिटाएवढा आहे. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. वाय-फाय आहे, आणि डिस्कच्या जागी मोबाईलमध्ये घालतो तसले कार्ड. मोबाईलच्या चार्जरवर तो चालतो.

सामान लॅमिंग्टन रोडला मिळाले. संगणक, कार्ड आणि चार्जर मिळून अडीच हजारांच्या आसपास गेले. तापमानाचा सेन्सर मात्र दीडशेच्या आत. त्याचे नाव डीएस १८बी२०. पोलादी टोपणात बंद केलेला, पाण्यात बुडवला तरी चालणारा घ्यावा. त्याला तीन तारा असतात. संगणकाच्या पिना आधीच सोल्डर केलेल्या असतील असाच नमुना मागावा. वयोमानाने हात थरथरतो अशांनी त्या चाळीस बारीक पिनांच्या नादी लागू नये.

जोडणी अशी. लाल तार पहिल्या पिनेला, तिथे ३.३ व्होल्ट असतात. काळी नवव्या पिनेला, ती जमीन. पिवळी सातव्या पिनेला. संगणक तिला जीपीआयओ ४ म्हणतो, आणि तिच्यावरून माहिती येते. लाल आणि पिवळी यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रोध घालायचा. हा रोध विसरला तर सेन्सर दिसतच नाही. मी दोन संध्याकाळी सेन्सर खराब म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बोल लावत होतो, आणि रोध टेबलावर चष्म्याच्या घराखाली होता. तारांचे रंग मात्र दर बनावटीत असेच असतील याची खात्री धरू नये. सेन्सरसोबतची चिठ्ठी पाहावी. ५ व्होल्टच्या पिनेला लाल तार लावू नये, त्याने संगणकाला इजा होऊ शकते.

संगणकाच्या मांडणीत 'वन वायर' नावाची सोय चालू केली की सेन्सर एका फाईलसारखा दिसू लागतो. फाईल उघडली की दोन ओळी येतात. पहिल्या ओळीच्या शेवटी 'येस' असेल तर वाचन शाबूत आहे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक आकडा असतो. तो ४६२५ असेल तर तापमान ४.६२५ अंश. बस्स, एवढेच. पायथन भाषेत वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी ही फाईल वाचतो, वेळ आणि आकडा एका वहीत म्हणजे साध्या फाईलमध्ये लिहितो. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच स्वतःचा वेगळा क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे त्याच तीन तारांवर दुसरा, तिसरा सेन्सर टांगता येतो. माझा दुसरा सेन्सर खोलीचे तापमान घेतो. तो संगणकाला चिकटवू नका. संगणक स्वतः कोमट असतो आणि खोली आहे त्याहून गरम दाखवतो.

सेन्सर खरे बोलतो की नाही हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बर्फाचा चुरा करून पेल्यात भरा, बर्फ बुडेल इतकेच पाणी घाला, ढवळत राहा. वितळणारा बर्फ शून्य अंशाला असतो. कारखाना अर्ध्या अंशाची चूक मान्य करतो. माझा एक सेन्सर ०.४ दाखवत होता. तेवढे प्रोग्रॅममध्ये वजा करून टाकले.

संगणक फ्रीजबाहेर ठेवावा. आत ओल धरते, आणि फ्रीजचे पत्र्याचे अंग वाय-फायला नीट जाऊ देत नाही. फक्त सेन्सरची बारीक तार दाराच्या रबराखालून आत जाते. तिथे फट राहते का ते पाहायला कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. अडकून आली तर रबर ठीक आहे. सेन्सर आत नुसता लोंबकळत ठेवला की दार उघडल्याबरोबर आकडा उडी मारतो, कारण तो हवा मोजतो. बाटलीतले औषध इतक्या लवकर तापत नाही. म्हणून औषधाच्या दुकानातून ग्लिसरीनची छोटी बाटली आणून, तिच्या झाकणाला भोक पाडून, सेन्सर तिच्यात बुडवून ठेवला. आता तो एखाद्या औषधाच्या बाटलीसारखाच हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. एवढ्या एका गोष्टीने खोट्या धोक्याच्या सूचना जवळजवळ संपल्या.

जवळजवळ म्हटले, कारण एका रात्री तीन वाजता ई-मेल आली : फ्रीजमध्ये ८५ अंश. मी धडपडत उठलो, पत्नीला उठवले, तिने फ्रीज उघडून दह्याच्या भांड्याला हात लावला आणि काही न बोलता परत जाऊन झोपली. ८५ हा त्या सेन्सरचा जन्माक्षर आहे. वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप होईपर्यंत त्याच्या पोटात तोच आकडा असतो. एक जोड ढिला होता, वीज क्षणभर तुटून परत आली आणि प्रोग्रॅमने नेमके तेव्हा वाचले. जोड घट्ट केला, आणि ८५ आले तर ते वाचन टाकून द्यायचे असे प्रोग्रॅमला सांगितले.

ई-मेल पाठवण्याचे काम पायथनमध्ये तयार मिळते, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. अडचण पासवर्डची येते. जुन्या पुस्तकांत दिलेली रीत, म्हणजे आपला नेहमीचा पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहिणे, जीमेलने ३० मे २०२२ पासून बंद केली. आता आधी खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची आणि मग फक्त या यंत्रासाठी १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यायचा. यंत्र चोरीला गेले तर तेवढा रद्द करता येतो. मी तर यंत्रासाठी स्वतंत्र खातेच उघडले, घरच्या पत्रव्यवहारात त्याचा हात नको.

ई-मेल कधी पाठवायची, यावर मी सर्वांत जास्त विचार केला. ८ च्या वर किंवा २ च्या खाली गेल्याबरोबर पाठवली तर दिवसातून दहा येतील आणि आठवड्याभरात आपण त्या न वाचता पुसू लागू. म्हणून सलग तीन वाचने, म्हणजे पंधरा मिनिटे, हद्दीबाहेर गेली तरच पहिली ई-मेल. त्यानंतर तासाला एक. तापमान परत हद्दीत आले की 'निवळले, इतके तास इतकी मिनिटे बाहेर होते' अशी एक. सिस्टरच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या शेवटच्या ई-मेलमध्ये असते.

पण मुख्य घोटाळा वेगळाच आहे. बटण बंद झाले किंवा इमारतीची वीज गेली, तर फ्रीजबरोबर वाय-फायचा डबाही बंद होतो. संगणक वाचला तरी त्याची हाक बाहेर पडत नाही. म्हणजे सगळे ठीक असताना ई-मेल नाही, आणि सगळे बिघडलेले असतानाही ई-मेल नाही! आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात की सिग्नलची यंत्रणा अशी बांधायची, की तार तुटली, वीज गेली, रिले पडला, काहीही झाले तरी सिग्नल लाल व्हावा. प्रवाह चालू राहणे हीच 'रस्ता मोकळा'ची खूण. प्रवाह थांबला की गाडी थांबली. तेच इथे लावले. यंत्र रोज सकाळी सहा आणि रात्री नऊला 'ठीक आहे' अशी ई-मेल पाठवते, आत किती, खोलीत किती, मागच्या बारा तासांत सर्वांत कमी-जास्त किती. ती माझ्याबरोबर पुण्याला मुलीलाही जाते. तिच्याकडे आली नाही तर ती मला फोन करते, आणि आम्ही बाहेरगावी असू तर आपांना. मुलगी चुकली तर? तिच्या संगणकावर तिने एक छोटा प्रोग्रॅम ठेवला आहे, तो साडेनऊपर्यंत ई-मेल न दिसल्यास तिच्या फोनवर घंटा वाजवतो. शिवाय वाय-फायच्या डब्याला आणि संगणकाला छोटी बॅटरी लावली आहे, ती दोनेक तास पुरते. तेवढ्यात 'वीज गेली' एवढे तरी बाहेर जाते.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी. या संगणकात घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट लगेच मिळाले नाही, तर तो जुन्याच वेळेपासून मोजू लागतो आणि नोंदी चुकीच्या तासांवर पडतात. म्हणून वेळ मिळेपर्यंत नोंदीपुढे एक खूण टाकायला सांगितले आहे. आणि वीज एकाएकी गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते. एक तयार कार्ड पाकिटात घालून फ्रीजच्या माथ्यावर चिकटवून ठेवले आहे.

हे सगळे मी उष्णतेच्या भीतीने केले. यंत्र लागल्यावर दहा दिवसांनी जे दिसले ते वेगळे होते.

आमचा फ्रीज जुना, एकदारी. औषधे मी नेहमी बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ठेवत असे. सर्वांत गार जागा, म्हणून सर्वांत सुरक्षित, असा माझा समज. उन्हाळा लागला की आतली चकती सहा-सातवर फिरवायची, हीही घरातली जुनी रीत. सेन्सर मी मधल्या फळीवर ठेवला होता आणि तिथे साडेतीन-चार अंश येत होते. सहज म्हणून तिसरा सेन्सर आणला आणि त्या ट्रेमध्ये ठेवला. सकाळची ई-मेल आली : ट्रेमध्ये सर्वांत कमी, उणे १.२. वेळ पहाटे साडेतीन ते सहा. दार रात्रभर बंद, खोली थोडी निवलेली, आणि चकती सातवर.

इन्शुलिन गोठू देऊ नये हे प्रत्येक पत्रकात लिहिलेले असते. गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नाही. उष्णतेने ताकद हळूहळू कमी होते. गोठण्याने एका रात्रीत बिघडू शकते. पांढुरक्या, ढवळून घ्यायच्या इन्शुलिनमध्ये नंतर गुठळ्या किंवा कण दिसू शकतात, पण पाण्यासारख्या स्वच्छ इन्शुलिनकडे पाहून काही कळेलच असे नाही. धनुर्वात, घटसर्प-डांग्या खोकला, कावीळ बी यांच्या लसींचेही तसेच, थंडी त्यांना उष्णतेपेक्षा लवकर मारते.

मी सिस्टरना पुन्हा फोन केला. हा फोन एप्रिलमधल्या फोनपेक्षा अवघड होता. त्या वेळी चौदा बाटल्यांचा प्रश्न होता, आणि त्या माझ्या हातात होत्या. आता विचारायचे होते ते आधी गेलेल्या बाटल्यांबद्दल. त्या बाटल्या गोठल्या असतील, नसतीलही. उणे एक अंशाला बाटलीतले पाणी गोठतेच असे नाही. सिस्टरनी जुनी वही काढली. मागच्या हिवाळ्यात दोन जणांची साखर काही केल्या उतरत नव्हती, अशी नोंद होती. एक आजी होत्या, एक तरुण मुलगा. "मी त्या आजींना खूप बोलले होते," त्या म्हणाल्या. "गूळ खाता म्हणून." त्या वाढीचे कारण आमचा ट्रे होता असे म्हणता येत नाही. नव्हता असेही म्हणता येत नाही. त्या वेळची नोंदच नाही. दोघेही आता बरे आहेत, नव्या बाटल्यांवर. सिस्टर पुढच्या फेरीत आजींच्या घरी जाऊन आल्या.

त्या दिवसापासून औषधे मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून चार बोटे दूर, प्लास्टिकच्या डब्यात असतात. दारातल्या खणात नाहीत. तिथे प्रत्येक उघडझापीला गरम हवा लागते. चकती तीनवर. खालच्या भाजीच्या खणात पाण्याच्या चार बाटल्या भरून ठेवल्या आहेत. वीज गेली तर त्या गारवा धरून ठेवतात. गेल्या महिन्यात मुद्दाम रात्री फ्रीज बंद करून पाहिला. खोली ३१ अंशांवर असताना मधली फळी ८ अंशांवर पोहोचायला तीन तास चाळीस मिनिटे लागली. तुमच्या फ्रीजला हाच आकडा येणार नाही, स्वतःचा काढावा लागेल. पण तो एकदा माहीत झाला की वीज गेल्यावर किती घाई करायची ते कळते.

मग प्रवासाचा डबा तपासला. आम्ही बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून थेट बाटल्यांभोवती रचत होतो. सेन्सर आणि संगणक दोन्ही डब्यासोबत कसाऱ्यापर्यंत नेले, संगणक पॉवर बँकेवर. आसनगावच्या आधीच आत उणे ०.५! लसीकरणाच्या कामात ही गोष्ट शिकवतात, मला माहीत नव्हती : पिशव्या फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवायच्या, बाहेरून पाण्याचे थेंब येतात, आणि कानाजवळ हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच डब्यात घालायच्या. त्या वेळी पिशवी शून्य अंशाला आलेली असते, त्याहून खाली नाही. उन्हाळ्यात याला अर्धा तास लागतो, थंडीत जास्त. म्हणून पहाटेच्या लोकलच्या दिवशी स्वयंसेवकाला आता तासभर आधी उठावे लागते. त्याबद्दल दोघांनी माझ्याकडे नाराजी व्यक्त केली आहे, आणि ती मला मान्य आहे.

सरकारी यंत्रणेत हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. २०१५ पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'ईविन' नावाची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात लसी साठवण्याच्या शीतपेट्यांमध्ये सेन्सर असतात, त्यांचे आकडे दूरवर बसलेल्या अधिकाऱ्याला दिसतात आणि तापमान हद्दीबाहेर गेले की संदेश जातो. पण ती व्यवस्था लसींसाठी आहे. तुमच्या-आमच्या फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी असलेल्या इन्शुलिनकडे पाहणारे घरातलेच कोणीतरी असते.

ज्यांना हे यंत्र जोडायचे असेल त्यांना मी प्रोग्रॅम कार्डावर भरून देईन. कार्ड स्वतःचे आणावे. जुन्या मोबाईलमधले आठ जीबीचे चालते. रेंज आणि वाय-फाय भरवशाचे नसलेल्या घरी मात्र आधी तो साधा तापमापक घ्या. घरात वृद्ध आईवडील वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहत असतील, तर हाच सेन्सर खोलीत लावून ३८ अंशांची हद्द ठेवता येते. आमच्या इमारतीत एकाने तसे केले आहे.

दवाखान्यासाठी दुसरा संच तयार आहे. गेले तीन आठवडे तो आमच्या फ्रीजवर पहिल्या संचाशेजारी चालवून पाहिला आणि दोघांच्या आकड्यांत ०.२ अंशाहून जास्त फरक पडला नाही. तिकडे वाय-फाय नाही, मोबाईलची रेंज मात्र दवाखान्याच्या उत्तरेकडच्या खिडकीत येते, असे सिस्टर सांगतात. सिमकार्डावर चालणारे जुने डोंगल कोणाकडे पडून असेल तर रविवारी उपासनेनंतर मला आणून द्यावे. चार्जर नसला तरी चालेल.